प्रकरण सातवे : दुडकीच्या पलीकडे

प्रौढ वयात घोड्यावर बसावयास शिकणाऱ्या माणसाच्या प्रगतीत एक मुक्काम असा येतो की, तेथवर सुरळीत चाललेली त्याची वाटचाल अकस्मात खुंटते. साधी चाल त्याला जमलेली असते. दुडकीच्या हादऱ्यांबरोबर खोगिरावर उठबस करण्याची लय अंगवळणी पडलेली असते. लगामाचा इशारा घोडा मानू लागलेला असतो. आणि तरीही शिकविणाऱ्याने 'आता कँटर', म्हणजे दुडकी व भरधाव दौड यांमधली चाल, असे म्हटले की त्याचे गुडघे खोगिराला आवळले जातात, खांदे कानांकडे चढतात, आणि आज तंग सैल वाटतो, आज घोडा तापट दिसतो, अशी एखादी सबब काढून तो ती परीक्षा पुढच्या खेपेवर ढकलतो. अशा सबबींवर वर्षे काढणारे स्वार पुष्कळ आहेत, आणि त्यांत इतर व्यवहारांत धीट म्हणून गणली जाणारी माणसेही असतात. यावरून एवढे तरी उघड व्हावे की, या भयाचा संबंध माणसाच्या स्वभावातील शौर्याशी फारसा नाही.

भय म्हणजे देहाने मांडलेला एक हिशेब असतो. आपल्या हाती काय आहे आणि समोर काय येऊन ठेपले आहे, यांची वजाबाकी देह बुद्धीला न विचारता करतो, आणि शिल्लक उणी निघाली की त्याचा तगादा सुरू होतो. वेगात असलेला घोडा जोवर स्वाराला थांबविता येत नाही, त्याच्या पाठीची हालचाल जोवर अंगात मुरलेली नाही, आणि पडण्याचा प्रसंग आल्यास काय करावयाचे हे जोवर ठाऊक नाही, तोवर देहाचा तो हिशेब बिनचूकच म्हटला पाहिजे. अशा माणसाला धीर धरण्याचा उपदेश करणे म्हणजे खरी वही फाडून खोटी लिहावयास सांगण्यासारखे आहे. जमेची बाजू वाढविणे, हाच काय तो प्रामाणिक उपाय. आणि ती कशी वाढवावी, हे सांगणे एवढाच या प्रकरणाचा हेतू आहे.

चालींचा ताल

घोड्याच्या चालींचे निरीक्षण आपल्याकडे फार जुने आहे. अमरकोशात आस्कंदितापासून प्लुतापर्यंत त्याच्या पाच गती गणलेल्या आहेत. आणि आज बसवकल्याण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कल्याणी नगरीत बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये अश्वक्रीडेला स्वतंत्र स्थान दिले आहे. तथापि पायांचा नेमका क्रम डोळ्यांनी पकडणे इतके अवघड की, धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी भूमीपासून सुटतात की काय, या वादाचा निकाल लागण्यास १८७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही पाय सुटतात हे सिद्ध झाले. मात्र चित्रकार रंगवीत आले होते तसे ते पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना.

साध्या चालीत चार पायांचे चार स्वतंत्र ठोके पडतात, आणि वेग ताशी ६ ते ७ किलोमीटरांच्या आसपास असतो. दुडकीत तिरक्या जोडीचे पाय एकत्र पडतात, म्हणून ठोके दोन, आणि वेग ताशी १३ किलोमीटरांच्या सुमारास. कँटरमध्ये ठोके तीन: डाव्या हाताच्या वर्तुळात जाणारा घोडा प्रथम मागचा उजवा पाय टाकतो, नंतर मागचा डावा आणि पुढचा उजवा हे दोन्ही एकत्र, आणि शेवटी पुढचा डावा, त्यानंतर क्षणभर तो अधांतरी असतो, आणि पुन्हा तोच क्रम. वेग साधारणतः ताशी १६ ते २४ किलोमीटर. भरधाव दौडीत मधल्या जोडीची फारकत होऊन पुन्हा चार ठोके पडतात आणि वेग ताशी ४० किलोमीटरांच्याही पुढे जातो. कँटर आणि भरधाव या दोन्ही चालींत घोड्याचा श्वास पावलांशी जखडलेला असतो, प्रत्येक झेपेस एक श्वास; शांत घोड्याच्या कँटरमध्ये ऐकू येणारा फुरफुराट हा त्याच्या रागाचा नसून त्याच तालाचा असतो, हे नवशिक्याने आधीच ऐकून ठेवलेले बरे.

या गणितातच भयाचे पहिले कारण दडलेले आहे. साधी चाल व दुडकी या दोन्ही चाली समतोल आहेत. जे डाव्या अंगाला घडते तेच क्षणभराने उजव्या अंगाला घडते. कँटर विषम आहे. तेथे एक पाय सतत पुढाकार घेतो, स्वाराच्या कंबरेची एक बाजू दुसरीपेक्षा पुढे ढकलली जाते, आणि घोड्याची पाठ पुढून खाली व मागून वर अशी आलटून पालटून झुलते. या झुलण्याची ओळख नसलेला देह त्याचा अर्थ 'आपण घसरत आहोत' असा लावतो. वस्तुतः दुडकीपेक्षा कँटर पुष्कळ मृदू असतो, आणि एकदा तो अंगात उतरल्यावर दुडकीच कष्टाची होती अशी कबुली बहुतेक स्वार देतात. पण ती कबुली पहिल्या दिवशी उपयोगी पडत नाही.

आपल्या मुलखात याला आणखी एक निमित्त जोडले जाते. काठेवाडी व मारवाडी घोड्यांना रवाल चाल असते, आणि यात्रेच्या बाजारात घोड्याची किंमत करताना ती मोठ्या कौतुकाने पाहिली जाते. रवाल चालीत स्वाराला हादरा जवळजवळ लागत नाही. म्हणून रवालीवर वाढलेला स्वार वेगाला सरावतो, पण पाठीच्या झुल्याला सरावत नाही, आणि घोडा रवाल सोडून दौडीत शिरला की आपली मांड मुळी तयारच नव्हती, हे त्याला त्या क्षणी कळते.

भयाचे चक्र

भ्यालेल्या माणसाचा देह चार गोष्टी करतो: पाय आवळतो, धड पुढे झुकवितो, लगाम ओढून धरतो, आणि श्वास कोंडतो. या चारही गोष्टी जमिनीवर किंवा झाडावर असताना शहाणपणाच्या ठरल्या असत्या. घोड्यावर मात्र प्रत्येकीचा परिणाम उलटा होतो. पोटाला आवळलेले पाय म्हणजे घोड्याच्या लेखी 'पुढे चल' हा हुकूम. पुढे झुकलेले धड म्हणजे पुढच्या पायांवर चढलेला भार, जो सावरण्यासाठी घोडा पावले जलद टाकतो. अखंड ओढलेला लगाम म्हणजे टेकावयास मिळालेला आधार. ताणणाऱ्या हातावर रेलून घोडा अधिकच ओढू लागतो. आणि कोंडलेला श्वास म्हणजे ताठरलेली कंबर, जिच्यावर प्रत्येक झेप आदळते आणि स्वार खोगिरावरून उडतो. अशा रीतीने भयाने जे टाळावयाचे, तेच भय घडवून आणते, आणि मग आपले भय खरेच ठरले, असा दाखला देऊन ते अधिक बळावते.

घोडा या चक्रात निर्विकार राहू शकत नाही. तो तृणभक्षक व पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे कपाळासमोरची व शेपटीमागची थोडी जागा सोडली तर चहूकडचे त्याला दिसते, आणि कळपातील एकाने कान टवकारले की बाकीच्यांची छाती धडधडते. पाठीवरचा माणूस हाही त्याच्या लेखी कळपाचाच घटक होय. २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, माणसांना घोडा नेताना किंवा त्यावर बसून जाताना 'आता समोर छत्री उघडली जाईल' असे सांगण्यात आले; छत्री उघडली गेलीच नाही, तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीची वार्ताही नव्हती त्या घोड्याचेही वाढले. तेव्हा स्वाराने आपला श्वास आणि आपले स्नायू यांचा बंदोबस्त करणे ही घोड्याचीही निकड आहे.

जुन्या स्वारांचा हिशेब

ज्या मुलखात घोडा हेच राज्याचे वाहन होते, तेथेही स्वारांच्या भयाचा विचार व्यवस्थेला करावाच लागला. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची जी रचना सांगितली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असा बंदोबस्त आहे. बारगिराचा घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा रणात पडला तर त्याची उपजीविकाच पडली, म्हणून तो ऐन गर्दीत घोडा राखून लढतो, असा आक्षेप शिलेदारी पद्धतीवर इतिहासकारांनी घेतलेला आहे. हा स्वार भित्रा होता असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या जमेत एकच घोडा होता आणि हे त्याला ठाऊक होते, एवढाच त्याचा अर्थ. बारगिराच्या पाठीशी पागा, पखालजी व नालबंद उभे करताच तेच माणूस निराळे वागते.

बैठकीविषयीचा दाखला याहून मनोरंजक आहे. ग्वाल्हेर सोडावे लागलेल्या बायजाबाई शिंदे १८३५ साली फतेहगड येथे मुक्काम करून होत्या. त्यांच्या परिवारातील स्त्रिया नऊवारी लुगड्याचा कासोटा घालून पुरुषांप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून घोडा फेकीत. फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तेथे गेली असता, तिच्या देशातील स्त्रिया एका बाजूस दोन्ही पाय घेऊन खोगिरावर बसतात, याचे त्या मराठा स्त्रियांना हसू आले. पार्क्सबाईंनी मग मराठा पोशाख चढवून, दोन्ही अंगांनी पाय टाकून घोडा चालवून पाहिला, आणि ही बैठक आपल्या बैठकीपेक्षा किती सोयीची आहे, हे १८५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मोकळ्या मनाने नोंदविले. घोडा तसाच, बाई तीच. बैठकीला दोन्ही अंगांचा आधार मिळताच निर्धास्तपणा आला. कँटरला भिणाऱ्या स्वाराने या दाखल्यातून घ्यावयाचे ते इतकेच की, मांड पक्की होण्यापूर्वी मनाला समजावीत बसू नये.

तालमीचा क्रम

प्रथम थांबणे, मग धावणे. घोडा साध्या चालीतून व दुडकीतून केवळ कंबर स्थिर करून, श्वास सोडून आणि लगाम हलकेच आवळून व लगेच सैल सोडून थांबू लागला पाहिजे. आवळणे व सोडणे यांतील सोडणे हाच खरा हुकूम होय. ज्या दिवशी स्वार दुडकीतून दहापैकी दहा वेळा ठरलेल्या जागी थांबतो, त्या दिवशी त्याच्या जमेत पहिली मोठी रक्कम पडते.

दुसरी पायरी लांब दोरीवरच्या वर्तुळाची. शिकविणारा मध्यभागी उभा राहून सुमारे २० मीटर व्यासाच्या वर्तुळात घोडा फिरवितो. वेगाचा जिम्मा त्याच्याकडे असतो, स्वाराच्या हाती लगाम नसतो. या स्थितीत स्वाराने प्रथम साध्या चालीत व दुडकीत हात पसरून, मान फिरवून, रिकीब सोडून बसण्याचा सराव करावा, आणि तो निर्वेध झाल्यावरच चार-पाच झेपांचा कँटर घ्यावा. एका हाताने घोड्याच्या मानेभोवती बांधलेला पट्टा किंवा आयाळ धरण्यात काही कमीपणा नाही; तोल जाताच लगामाला लोंबकळून घोड्याचे तोंड दुखविण्यापेक्षा आयाळ धरणे हे घोड्यावर उपकार करण्यासारखे आहे.

वर्तुळाचे महत्त्व पाहावयाचे असेल त्याने आषाढी वारीतील रिंगण पाहावे. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा माउलींचा अश्व पाठीवर कोणी स्वार नसताना, दोन्ही बाजूंच्या गर्दीतून गोल दौडतो; आतल्या अंगाला किंचित कलून, आतला पाय पुढे ठेवून, तालात. तेथे त्याला कोणी लगाम ओढून वळवीत नाही. कँटर ही घोड्याची स्वतःची चाल आहे आणि स्वाराचे काम ती 'करविण्या'चे नसून तिच्या आड न येण्याचे आहे, ही गोष्ट पुस्तकापेक्षा रिंगणात लवकर कळते.

तिसऱ्या पायरीस लगाम स्वाराच्या हाती येतो. कोपऱ्यावर किंवा वर्तुळात, दुडकी संथ असताना, आतला पाय तंगाजवळ आणि बाहेरचा पाय तंगाच्या किंचित मागे लावून कँटर मागावा. सरळ वाटेवर मागू नये, कारण तेथे घोडा दुडकीच वाढवीत नेतो, आणि त्या पिसाट दुडकीने स्वाराचा तोल जातो. झेप सुरू होताच मोठ्याने 'एक-दोन-तीन' असे म्हणत जावे. याचा लाभ दुहेरी: बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही, आणि मोजणाऱ्याचे लक्ष पडण्यावरून तालावर जाते. पहिल्या दिवशी चार झेपा, आणि भय चढण्यापूर्वीच दुडकीत परत. परतण्याचा हुकूम स्वाराने द्यावा, घोड्याने नव्हे. यातच या पायरीचे सारे मर्म आहे.

ही अल्प मात्रांची रीत मानसशास्त्राने तपासून घेतलेली आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचे खाणे खात असताना ससा दूर ठेवावयाचा, आणि मुलाला त्रास न होईल इतक्या बेताने जवळ आणीत जावयाचे, असे करता करता ते मूल सशाला कुरवाळू लागले. तेथे कोणी त्याला 'भिऊ नकोस' म्हणून सशासमोर ढकलले नाही. स्वारीच्या मैदानात मात्र ढकलण्याची हौस अजून पुष्कळांना असते, आणि मागून चाबूक वाजवून काढलेला पहिला कँटर अनेकांचा शेवटचा ठरतो.

जमीन, घोडा आणि सामान

उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्यातील माकणी गावाच्या परिसरात तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे मातीचे धरण आहे, आणि भोवती काळी जमीन पसरलेली आहे. या जमिनीवर सराव करणाऱ्याने ऋतू ओळखावा. पावसाळ्यात ती खुरांना चिकटते आणि घसरते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत घोड्याचा खूर अडकण्याचे भय असते. आणि जलाशयाचे पाणी ओसरलेल्या काठावर वरचा पापुद्रा वाळलेला दिसला तरी खाली चिखल असतो, तेथे धावता घोडा रुतला तर स्वार व घोडा दोघांनाही इजा होते. डांबरी रस्त्यावर नाल घसरतात व पायांना हिसका बसतो. म्हणून पावसाळा सरल्यावरचे, ओल धरून घट्ट झालेले, दगड वेचलेले पड शेत किंवा मुरमाची गाडीवाट हीच उत्तम. पहिला मोकळा कँटर हलक्या चढावर आणि घराकडे पाठ करून घ्यावा. चढ घोड्याचा वेग आपोआप आवरतो, आणि घराकडे तोंड असलेला घोडा नेहमीच घाईत असतो.

घोडा वयस्क व शांत असावा. वरातीत नाचविलेला घोडा पायाच्या दाबाला उसळून उत्तर देतो. शर्यतीच्या मैदानावरून आलेल्या घोड्याला ताणलेला लगाम हा धावण्याचाच इशारा वाटतो. दोन्ही निर्दोष असूनही नवशिक्याच्या कामाचे नाहीत. डोक्यावर हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण, आणि पायांत टाच असलेले बूट हवेत, कारण पडण्यापेक्षा रिकिबीत पाय अडकून फरफटणे अधिक घातक असते. घोडा आटोक्याबाहेर जाऊ लागला तर दोन्ही लगाम एकसारखे ओढीत न राहता ताठ बसावे, ओढावे व सोडावे, आणि मोकळी जागा असल्यास मोठे वर्तुळ धरून ते हळूहळू लहान करीत आणावे. वेगात एकाएकी वळविलेला घोडा पाय घसरून पडू शकतो.

पडल्यानंतर

जो एकदा पडला आहे त्याचा हिशेब निराळा. माकणीच्या मुलखाला ते समजावून सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांत, आजच्या लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावांसह, सुमारे ८,००० माणसांचा बळी घेतला, आणि त्यानंतर दगडमातीच्या घरात पाठ टेकावयास माणसे दीर्घकाळ धजली नाहीत. एका पहाटेत शिकलेले भय पुसावयास निर्धोक अशा असंख्य रात्री जाव्या लागतात. पडल्याबरोबर पुन्हा घोड्यावर चढलेच पाहिजे, हा रूढ दंडक म्हणून विवेकाने पाळावा: डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी मुळीच चढू नये, वैद्यांना दाखवावे, आणि मार खाल्लेले शिरस्त्राण बदलावे, शरीर धड असेल तर चढावे, पण साध्या चालीसाठी. कँटरची पायरी पुन्हा लांब दोरीपासून सुरू करण्यात आठवडे गेले तरी ते वाया जात नाहीत.

भय सरत आल्याची खूण कोणती? स्वाराचे लक्ष आपल्या देहावरून घोड्याच्या देहाकडे वळते. आपण पडू की काय, या प्रश्नाच्या जागी घोड्याने कोणता पाय पुढे टाकला, त्याचा श्वास जड झाला का, पुढची जमीन कशी आहे, हे प्रश्न येतात. आणि याच्याही पुढची खूण अशी की, एखाद्या दिवशी भेगाळलेले शेत पाहून किंवा घोड्याच्या पायातील किंचित लचक जाणवून तो 'आज कँटर नको' असे म्हणतो, आणि त्या नकारासाठी त्याला कोणतीही सबब शोधावी लागत नाही. पूर्वी हाच नकार त्याच्या वतीने भय देत असे. आता तो विचार देतो. ज्याला असा नकार देता येतो, त्याच्या हाती भरधाव दौडीचा लगाम द्यावयास हरकत नाही. तिचा विचार पुढील प्रकरणी करू.